आठवड्याची वाक्यं

बढाई मारायची मला सवय नाही, पण आमच्या खात्यात एक सरळ इंग्रजी वाक्य लिहिता येणारी मी एकटीच होते. खातं म्हणजे हॉस्पिटलच्या तळघरातल्या तीन खोल्या. ऑपरेशनला वापरलेल्या कात्र्या, चिमटे, सुऱ्या पहिल्या खोलीत धुवायच्या, दुसरीत त्यांचे सेट लावून कापडात बांधायचे आणि तिसरीत वाफेच्या मशीनमध्ये निर्जंतुक करायचे. मशिनं दोन. रोज पहाटे, पहिला सेट आत जायच्या आधी, दोन्ही मशिनांची चाचणी करायची. रिकाम्या मशीनमध्ये एक सीलबंद पाकीट ठेवायचं, एक फेरी चालवायची आणि पाकिटातला पिवळा कागद काढून बघायचा. कागद सगळीकडे सारखा काळा झाला तर मशीन ठीक. मध्येच कुठे फिकट डाग राहिला तर आत हवा अडकली, आणि जिथे हवा अडकली तिथे वाफ पोचत नाही, म्हणजे जंतू जिवंत. एवढं साधं आहे. मग ते रजिस्टरमध्ये लिहायचं, आणि तिथेच सगळ्यांचं घोडं अडायचं.

पूर्वी आम्ही 'टेस्ट डन, ओके' लिहायचो आणि मोकळे व्हायचो. मग क्वालिटीचे नवे साहेब आले. त्यांना आम्ही लाल पेन म्हणतो, कारण त्यांच्याकडे दुसरं पेन कोणी पाहिलेलं नाही. त्यांनी आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं, "डन काय, कोणीही लिहितं. काम ठरल्याप्रमाणे सुरू केलं, मधलं काही गाळलं नाही आणि शेवटापर्यंत नेलं, की मगच म्हणायचं कॅरीड आउट. तसंच लिहायचं." आणि फळ्यावर लिहून दिलं: मॉर्निंग टेस्ट वॉज कॅरीड आउट अँड रिझल्ट वॉज फाउंड सॅटिस्फॅक्टरी.

पहिल्या आठवड्यात एकाने 'कॅरी आउटेड' लिहिलं, दुसऱ्याने 'कॅरीड ऑन', आणि आमच्या कप्तानांनी वाक्याचं पहिलं अर्धं लिहून खाली तीन टिंबं दिली. कप्तान म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने. सव्वीस वर्षं त्या मशिनांपाशी काढलेली, वाफेच्या आवाजावरून सांगायचे की कुठला व्हॉल्व्ह कुरकुरतोय. पण पेन हातात घेतलं की कपाळाला घाम. लाल पेनने प्रत्येक चुकीला गोल केला, आणि प्रत्येक गोलासाठी लेखी खुलासा मागितला. तोही इंग्रजीतच. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

शेवटी मीच म्हटलं, द्या इकडे ते रजिस्टर. सोमवारी सकाळी बसायचे आणि दोन्ही मशिनांची आठवड्याभराची वाक्यं एकदम लिहून टाकायचे. सात दिवस, चौदा ओळी. वेळेची आणि सहीची जागा तेवढी कोरी. ज्याची पाळी असेल त्याने चाचणी करायची, वेळ टाकायची, सही ठोकायची. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. महिन्याने लाल पेनने मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं की या खात्याचं रजिस्टर इतर खात्यांनी येऊन बघावं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. खोटं कशाला बोलू, घरी जाऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं.

आता वहिनींचं सांगते. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा मला धड भाकरी थापता येत नव्हती, आणि सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा माझ्यापर्यंत पोचायच्या आत वहिनी मध्ये उभ्या राहायच्या. त्यांना गर्भाशय काढायला सांगितलं होतं. त्या घाबरल्या होत्या. दुसऱ्या एका हॉस्पिटलात तारीखही घेतली होती. मीच मोडता घातला. म्हटलं, "वहिनी, आमच्याकडेच करा. सगळी हत्यारं माझ्या हाताखालून जातात. मी आहे ना."

त्या म्हणाल्या, "तू आहेस म्हटल्यावर मला कसली भीती."

गुरुवारी नऊ वाजता त्यांचं ऑपरेशन होतं, दोन नंबरच्या थिएटरमध्ये. बुधवारी दुपारी मी त्यांच्यासाठीचा सात नंबरचा सेट स्वतः लावला. एकेक चिमटा उजेडात धरून बघितला. गुरुवारी माझी पाळी साडेसातची, पण मला घरी चैन पडेना, म्हणून सव्वासातलाच पोचले. सेट वर गेलेले होते. पहाटेची पाळी कप्तानांची. ते कपडे बदलायला गेले होते.

एरवी मी आले की आधी चहा करते. त्या दिवशी आधी रजिस्टर उघडलं. का, तर वहिनी वर झोपल्या होत्या म्हणून. दुसरं काही कारण नाही. माझं स्वतःचं माणूस नसतं तर मी पान उलटूनसुद्धा बघितलं नसतं, हे आधीच सांगून टाकते.

गुरुवारची ओळ होती. माझं अक्षर, कॅरीड आउट, कप्तानांची सही, वेळ पाच चाळीस. दोन्ही मशिनांपुढे तीच वेळ. सात नंबरचा सेट दोन नंबरच्या मशीनमधून निघालेला. चार नंबरचाही त्याच फेरीतला. चाचणीचे काळे झालेले कागद आम्ही एका ट्रेमध्ये ठेवतो आणि शनिवारी एकदम रजिस्टरला टाचतो. मी ट्रेमध्ये बघितलं. गुरुवारचा कागद एकच होता, एक नंबरच्या मशीनचा.

म्हटलं, खाली पडला असेल. ट्रे उचलला, टेबलाखाली बघितलं, कचऱ्याची बादली उपडी केली. मग मशीनच्या बाजूच्या फळीवर नजर गेली. दोन नंबरचं पाकीट तिथे होतं. न फोडलेलं, सील जसंच्या तसं.

कप्तान पिशवी खांद्याला लावून दारातून बाहेर पडत होते. मी आडवी आले.

"कप्तान, दोन नंबरची चाचणी केली का?"

"लिहिलंय की."

"लिहिलंय मी. सोमवारी. तुम्ही केली का?"

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "वरून फोनवर फोन येत होते. आठच्या आत एक सेट हवा, नऊला दुसरा. मशीन तापायलाच वेळ घेत होतं. म्हटलं आवाज तर नेहमीचा आहे, आज राहू दे."

"मग सही कशाला केलीत?"

"सही करताना वाचतो का मी? मला वाचता येत असतं तर तू कशाला लिहिली असतीस?" ते चिडून म्हणाले नाहीत. खाली बघून म्हणाले. "पूर्वी चाचणीचा कागद हातात धरून एकेक अक्षर काढायचो, तेव्हा कागद लागायचाच. आता ओळ आधीच भरलेली असते. वाटतं, झालंच की."

"याआधीही राहिली होती?"

ते पिशवीचा बंद नीट करायला लागले. मी पुन्हा विचारलं. म्हणाले, "कधीमधी."

कप्तानांवर ओरडायचं होतं, पण कुठल्या तोंडाने? रजिस्टरच्या पानावर त्यांचं काय होतं? एक कोंबडीचे पाय उमटल्यासारखी सही. बाकी सगळं माझं. दोन महिन्यांची पानं, एका सुंदर अक्षरात, एकही चूक नाही. त्यातली कुठली खरी आणि कुठली नाही हे मलाही सांगता आलं नसतं.

घड्याळात सात वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. मी वर थिएटरच्या सिस्टरला फोन लावला. ती माझ्या ओळखीची, बरी बाई. ओला सेट कुणी वापरत नाही, म्हणून तेच कारण काढलं. मी म्हटलं, "सिस्टर, सात नंबरचा सेट खाली पाठवा. आतून ओला राहिलाय असं वाटतंय. मी एक नंबरमधून दुसरा काढून देते, नऊच्या आत मिळेल."

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "तुमच्या जाऊबाई ना आज? पाठवते." आणि मग म्हणाली, "चार नंबर पण त्याच फेरीतला ना हो? तो एक नंबर थिएटरमध्ये उघडून ठेवलाय. पेशंटला भूल देतायत. तो पण ओला असेल का?"

इथे मी थांबले. फार तर दोन श्वासांएवढी. चार नंबरही परत पाठवा म्हटलं असतं तर सर्जन विचारणार, का. ओला म्हणावं तर ती उघडून बघून सांगणार, कोरडा आहे. मग चाचणी, मग रजिस्टर, मग मी. आणि कोण जाणे, चाचणी आत्ता केली आणि कागद काळाच निघाला तर? मशीन ठीकच असेल तर? उगाच गावभर बोभाटा कशाला. हे सगळं त्या दोन श्वासांत माझ्या डोक्यातून गेलं, आणि मी म्हटलं, "नाही, तो वरच्या कप्प्यात होता. तो ठीक आहे."

"नक्की ना?"

"नक्की."

फोन ठेवला आणि दोन नंबरचं मशीन रिकामं करून पाकीट आत ठेवलं. कप्तान गेले नव्हते. त्यांनी दार लावलं, मी बटण दाबलं. चाचणीला पंचवीस मिनिटं लागतात. आम्ही दोघं मशीनसमोर उभे होतो. माझी नजर घड्याळावरून मशीनच्या काट्यावर आणि काट्यावरून घड्याळावर. वर कोण झोपलंय हेही मला माहीत नव्हतं. बाई की बुवा, म्हातारं की तरुण, काहीच नाही. दहाव्या मिनिटाला मी फोनपर्यंत गेले. हात ठेवला आणि उचलला. म्हटलं, आता पंधराच मिनिटं राहिलीत, कागद बघूनच बोलू. आजही रात्री झोपताना मला ते दहावं मिनिट आठवतं, बाकीची चोवीस नाहीत.

आठ वाजून चार मिनिटांनी दार उघडलं. कप्तानांनी पाकीट बाहेर काढलं आणि मला दिलं. मी फोडलं. कागद कडेने काळा झाला होता आणि मधोमध तळहाताएवढा पिवळा.

मी फोन केला. "सिस्टर, चार नंबर वापरू नका. थांबवा. मी मघाशी खोटं बोलले, चाचणी झालीच नव्हती." एवढं सगळं एका दमात.

मग ती म्हणाली, "दहा मिनिटं झाली त्यांनी सुरू करून."

पुढचं भराभर झालं. सर्जनने तो सेट बाजूला काढला, दुसरा मागवला, पोट धुऊन काढलं, तगडी अँटिबायोटिक्स सुरू केली. मेट्रन खाली आली. लाल पेन आले, दोन महिन्यांचं रजिस्टर काखेत मारून घेऊन गेले. मशीन उघडल्यावर कळलं, दाराच्या रबराला बोटभर चीर होती. आवाजाला ती ऐकू येत नाही. गेल्या दोन महिन्यांत दोन नंबरच्या मशीनमधून गेलेल्या सेटवर ज्यांची ऑपरेशनं झाली त्या सगळ्यांना फोन करून तब्येत विचारायची, असं ठरलं. कप्तानांना घरी बसवलं. मला तळघरातून उचलून चादरी मोजायच्या खात्यात टाकलं, चौकशी पुरी होईपर्यंत. खुलासा माझ्याकडून लिहून घेतला. मी खरं तेच लिहिलं, फोनवरचं 'नक्की'सुद्धा लिहिलं. मेट्रनने तो दोनदा वाचला आणि कपाटात कुलूप लावून ठेवला.

वहिनींचं ऑपरेशन साडेदहाला झालं, एक नंबरच्या मशीनमधल्या सेटने. छान झालं. चौथ्या दिवशी त्या घरी गेल्या. जाताना माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "बघ, तू होतीस म्हणून." मी तोंड फिरवलं. त्यांना वाटलं, मला रडू येतंय म्हणून.

वर झोपलेला तो एक शिंपी निघाला. पंचेचाळिशीचा, हर्नियाचं ऑपरेशन, दोन दिवसांत घरी जायचा होता. मी चादरी घेऊन त्या मजल्यावर जायचे आणि त्याच्या कॉटच्या पायथ्याला टांगलेला तापाचा तक्ता बघायचे. पहिल्या दिवशी ताप नाही. दुसऱ्या दिवशी नाही. मी मनात म्हटलं, सुटलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एकशे दोन. जखम लाल झाली, मग तिच्यातून पू यायला लागला. टाके काढून जखम उघडी ठेवावी लागली. रोज ड्रेसिंग. ड्रेसिंगच्या वेळी तो उशीत तोंड खुपसायचा, आणि त्याची बायको बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहायची.

त्या बायकोशी माझी ओळख झाली. झाली काय, मीच करून घेतली. मला पाय तिकडून हलवता येईना. ती दुकानात काजं-बटणं करायची, हातावर सुईचे ठिपके. तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं, जखमेत जंतू गेले, होतं कधीकधी. तिने ते मुकाट्याने मान्य केलं होतं. "शरीर आहे, व्हायचंच," ती मला समजावायची. मला. एकदा म्हणाली, "तुम्ही किती वेळा येता हो. चादर बदलायला इतक्या वेळा कोणी येत नाही." मी उशीची खोळ बदलायला घेतली.

पाच दिवस ताप चढ-उतार करत राहिला. त्या पाच दिवसांत मी घरी कुणाशी धड बोलले नाही. नवरा म्हणाला, वहिनी बऱ्या आहेत, आता कसली काळजी. त्याला काय सांगणार. नवव्या दिवशी तक्त्यावर रेघ खाली आली आणि खालीच राहिली. सतराव्या दिवशी त्याला सोडायचं ठरलं. जखम भरायला अजून महिना लागणार होता, शिलाईच्या मशीनवर बसायला दोन.

मी दुपारी गेले तेव्हा शिंपी कपडे करून कॉटवर बसला होता, पोटाला हात धरून. बायको बाकावर होती. तिच्या हातात हॉस्पिटलचा अभिप्रायाचा फॉर्म होता. प्रत्येक पेशंटला देतात.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "हे इंग्रजीत लिहायचंय म्हणे. सिस्टर म्हणाल्या, तुमचं इंग्रजी फार चांगलं आहे, खाली तुम्हीच सगळं लिहायच्या. मला एवढं लिहून द्या, की इथल्या लोकांनी आमची फार चांगली काळजी घेतली. चांगल्या भाषेत लिहा. लोकांनी खूप केलंय आमचं."

तिने पेन माझ्या हातात दिलं. मी तिच्याशेजारी बसले, फॉर्म मांडीवर घेतला. वाक्य मला येत होतं. दे टुक गुड केअर ऑफ अस. सोपं आहे. माझ्या हाताने ते विचार न करता लिहिलं असतं, चौदा ओळी लिहायच्या तसंच. 'दे' लिहून टाकलं. 'टुक' लिहिलं. पुढे पेन जाईना.

"काय झालं?" ती म्हणाली.

"ताई, हे लिहायच्या आधी मला तुम्हाला काही सांगायचंय," मी म्हटलं. आणि सांगितलं. मशीन, कागद, सोमवारची वाक्यं, कप्तान, फोन. सिस्टरने दोनदा विचारलं आणि मी दोनदा खोटं सांगितलं, हेही. मला वाटलं होतं, सांगितल्यावर माझं ओझं हलकं होईल. काही झालं नाही तसं.

माझं बोलून झाल्यावर तिने एकच विचारलं. "तुमच्या जाऊबाई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत."

"त्यांना ताप आला होता?"

"नाही."

तिने मान हलवली. कॉटकडे बघितलं. नवरा पोटाला धरून चपलेत पाय घालायचा प्रयत्न करत होता, तिने उठून त्याला चप्पल घातली आणि परत येऊन बसली. मग माझ्या मांडीवरचा फॉर्म घेतला, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि मी लिहिलेले दोन शब्द एका आडव्या रेघेने खोडले.

"राहू दे," ती म्हणाली. "मला येईल तसं मीच लिहीन."

ती लिहायला लागली. हळूहळू, एकेक अक्षर काढत, आपल्या भाषेत. मी शेजारी बसून होते. तिने पान हाताने झाकून घेतलं होतं.